शासन निर्णय बदलला, आता सॉफ्टवेअरचं काय? सरकारी प्रकल्पातले बदल हाताळण्याची पद्धत

२८ जून २०२४ रोजी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा शासन निर्णय निघाला. वय २१ ते ६०, कुटुंबाकडे पाच एकरांहून जास्त शेती असेल तर अपात्र, अर्जाची मुदत १५ जुलै. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात सुधारणा आल्या. वय ६५ पर्यंत. शेतीची अट रद्द. अधिवासाचा दाखला नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला, यांतला कुठलाही एक चालेल. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट. कुटुंबातली एक अविवाहित महिलाही पात्र. मुदत ३१ ऑगस्ट.

मी त्या प्रकल्पावर नव्हते. पण सरकारी प्रणालींच्या गरजा लिहिण्याचं काम बरीच वर्षं केल्यामुळे असा निर्णय हातात आला की माझ्या डोळ्यांसमोर बातमी येण्याआधी फॉर्म येतो. वयाची अट म्हणजे एक आकडा, तासाभराचं काम. शेतीची अट गेली म्हणजे एक रकाना गेला; पण त्या अटीमुळे आधीच परत पाठवलेल्या अर्जांचं काय, हा प्रश्न उरला. अधिवासाचं काम आणखी मोठं. जिथे एकच कागद सक्तीचा होता तिथे आता ‘यांपैकी एक’ आलं, आणि त्या कागदावरची तारीख पंधरा वर्षांपूर्वीची आहे का हे तपासणं आलं. पंधरा वर्षं कुठल्या दिवसापासून मोजायची? आणि सगळ्यांत अवघड ओळ दिसायला सगळ्यांत छोटी आहे: ‘कुटुंबातली एक अविवाहित महिला’. आतापर्यंत अर्ज एका व्यक्तीचा होता. या ओळीमुळे प्रणालीला ‘कुटुंब’ म्हणजे काय ते कळावं लागतं. रेशन कार्डाचा क्रमांक धरायचा म्हटलं, तर एका घरात दोन कार्डं असतात आणि वेगळी चूल मांडलेल्या भावाचं नाव जुन्याच कार्डावर असतं.

निर्णयातल्या शब्दांच्या संख्येवरून कामाचा अंदाज बांधता येत नाही, हे पहिल्याच आठवड्यात अधिकाऱ्यांना पटवून द्यावं लागतं. सरकारी कामात गरजा बदलतात याबद्दल कुरकुर करण्यात मला अर्थ वाटत नाही. वरच्या सुधारणांमुळे कितीतरी बायकांचा दाखल्यासाठीचा हेलपाटा वाचला. लोकांचं ऐकून सरकार नियम बदलत असेल तर ते चांगलंच आहे. आपलं काम एवढंच, की तो बदल नीट, पुराव्यानिशी आणि आधीच्या अर्जदारावर अन्याय न होता प्रणालीत उतरावा. त्याची पद्धत खाली देते आहे. पुरवठादार कंपनीत, विभागाच्या प्रकल्प कक्षात किंवा थेट कार्यासनावर (मंत्रालयात तो विषय हाताळणाऱ्या टेबलावर) बसून हे काम करणाऱ्यांसाठी ती आहे.

पायरी १: निविदा निघण्याआधीच बदलाची जागा ठेवा

बहुतेक भांडणांचं मूळ निविदेत असतं. निविदेत ‘विभागाच्या गरजेनुसार आवश्यक ते सर्व बदल पुरवठादाराने करून द्यावेत’ असं वाक्य असलं की विभागाला वाटतं आपण सुरक्षित आहोत. प्रत्यक्षात पुरवठादार एकतर पहिल्या दिवशी दर वाढवून भरतो, किंवा कमी भरतो आणि सहाव्या महिन्यापासून प्रत्येक बदलाला ‘हे स्कोपच्या बाहेर आहे’ म्हणू लागतो.

त्यापेक्षा तीन गोष्टी निविदेतच लिहा. एक, मनुष्य-महिन्याचे, म्हणजे एका माणसाच्या महिनाभराच्या कामाचे दर: विश्लेषक, प्रोग्रामर, टेस्टर यांचे वेगवेगळे, आणि तेही मूळ किमतीबरोबर स्पर्धेतूनच आलेले. दोन, बदलांसाठी राखीव मनुष्य-महिने, वापरले तरच पैसे देण्याच्या अटीवर. तीन, कुठल्या मर्यादेपर्यंतचा बदल कोण मंजूर करेल. ही तिसरी गोष्ट लिहिलेली नसेल तर दोन दिवसांच्या कामासाठीही नस्ती (फाइल) कक्ष अधिकाऱ्यापासून अवर सचिव, उपसचिव करत सचिवांपर्यंत जाते आणि पैशाचा मुद्दा निघाला की वित्त विभागाकडे वळते. तोवर अर्जाची मुदत संपलेली असते.

करार आधीच झालेला असेल आणि त्यात यातलं काही नसेल, तर पहिल्या मोठ्या बदलाच्या वेळीच सुधारित प्रशासकीय मान्यतेचा प्रस्ताव ठेवा. दहा छोटे बदल फुकट करून अकराव्याला पैसे मागितले तर कुणालाच पटत नाही.

पायरी २: बदल ऐकला की पहिला प्रश्न, ‘कागद कुठला?’

बदल कुठून आला यावर त्याला कसं वागवायचं ते ठरतं.

कायदा, नियम किंवा न्यायालयाचा आदेश असेल तर चर्चा फक्त ‘कधीपासून’ आणि ‘कुणाला’ एवढीच. शासन निर्णय किंवा शुद्धिपत्रक असेल तर त्याच्या शेवटी छापलेला संगणक सांकेतांक तुमच्या नोंदीत उतरवून घ्या. एकाच विषयावर तीन-तीन निर्णय निघतात आणि सहा महिन्यांनी ‘तो जुलैचा जीआर’ म्हणजे नेमका कुठला हे कुणालाच आठवत नाही. परिपत्रक किंवा पत्र असेल तर ते मूळ निर्णयाशी विसंगत नाही ना ते पाहा. विसंगत असेल तर कार्यासनाला लेखी विचारा. तालुक्यावरून आलेली मागणी, म्हणजे ‘हा रकाना आम्हाला भरताच येत नाही’ या जातीची, मला सगळ्यांत मोलाची वाटते. तिच्यामागे बहुतेकदा खरी अडचण असते, पण कागद नसतो. तो आपण तयार करायचा असतो: अडचण, स्क्रीनचा फोटो, किती कार्यालयांतून तक्रार आली, आणि विभागाच्या होकाराची ओळ.

राहता राहिला तोंडी आदेश. एका शिष्यवृत्तीसारख्या योजनेवर असताना मला शुक्रवारी संध्याकाळी फोन आला: ‘मॅडम, उत्पन्नाची मर्यादा वाढतेय, सोमवारी घोषणा होणार आहे, तेवढं करून ठेवा.’ मी केलं, आणि थेट चालू प्रणालीत केलं. पुढच्या आठवड्यात शासन निर्णय निघाला. मर्यादा वाढली होती, पण पुढच्या शैक्षणिक वर्षापासून. मधल्या दिवसांत काहीशे मुलांचे अर्ज प्रणालीने ‘पात्र’ म्हणून घेतले होते. त्यातल्या एका मुलीचे वडील कार्यालयात आले होते, हातात पोचपावती घेऊन. पावतीवर ‘पात्र’ छापलेलं होतं. त्यांना काय सांगायचं याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. ती पावती मी अजून विसरलेले नाही.

त्यानंतर मी दोन नियम पाळत आले. तोंडी सूचना आली की त्याच दिवशी मेल: ‘आज सायंकाळी दूरध्वनीवर झालेल्या चर्चेनुसार पुढील बदल अपेक्षित असल्याचे समजले. बदल चाचणी प्रणालीवर तयार ठेवत आहोत. शासन निर्णय अथवा लेखी आदेश प्राप्त होताच, त्यातील दिनांकापासून लागू करू.’ या मेलने कुणाचा अपमान होत नाही, काम अडत नाही आणि अधिकाऱ्यालाही संरक्षण मिळतं. दुसरा नियम असा, की बदल तयार करणं आणि बदल चालू करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तयार कितीही लवकर करा. चालू मात्र कागद आल्यावरच करा.

पायरी ३: एकच नोंदवही

एक्सेलची साधी शीटही पुरते, पण ती एकच हवी आणि विभाग व पुरवठादार दोघांनाही दिसायला हवी. रकाने: अनुक्रमांक, कधी कळलं, कुणाकडून, आधार (सांकेतांक किंवा पत्र क्रमांक), बदल एका वाक्यात, लागू होण्याचा दिनांक, जुन्या अर्जांचं काय, अंदाजे मनुष्य-दिवस, मंजुरी कुणाची, सद्यःस्थिती, कुठल्या आवृत्तीत गेला.

‘बदल एका वाक्यात’ या रकान्याला वेळ द्या. ‘वयाची अट बदलणे’ असं लिहू नका. ‘अर्जाच्या दिनांकास अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण व ६५ वर्षांपेक्षा कमी असावे, याआधी ६० होते’ असं लिहा. हे वाक्य विभागाने वाचून ‘बरोबर’ म्हटलं की निम्मी भांडणं तिथेच संपतात, कारण ‘अर्जाच्या दिनांकास की लाभाच्या दिनांकास?’ हा प्रश्न ते वाक्य लिहितानाच वर येतो. दर आठवड्याच्या बैठकीच्या इतिवृत्ताला ही नोंदवही जोडा. इतिवृत्त दोन दिवसांत पाठवा आणि खाली ‘तीन कार्यालयीन दिवसांत हरकत न आल्यास अंतिम समजण्यात येईल’ ही ओळ घाला.

पायरी ४: परिणाम तपासा, आणि सुरुवात जुन्या अर्जांपासून करा

नवखा विश्लेषक बदल आला की स्क्रीनकडे पाहतो. तुम्ही आधी डेटाबेसमध्ये पडलेल्या अर्जांकडे पाहा. प्रत्येक बदलाच्या वेळी अर्जांचे चार गठ्ठे असतात: अर्धवट भरलेले, सादर होऊन तपासणीत असलेले, मंजूर झालेले आणि नामंजूर झालेले. चारही गठ्ठ्यांसाठी विभागाकडून वेगवेगळं उत्तर लेखी घ्या. अट सैल झाली तर नामंजूर झालेल्यांना पुन्हा अर्ज करावा लागेल, की प्रणाली स्वतःहून त्यांचे अर्ज उघडेल? अट कडक झाली तर मंजूर झालेल्यांचा लाभ थांबेल का? थांबणार असेल तर त्यांना सूचना कशी जाईल, म्हणणं मांडायची संधी कशी मिळेल? शासन निर्णयात याची उत्तरं नेहमी असतातच असं नाही. नसतील तर प्रोग्रामरने स्वतःच्या अंदाजाने ठरवू नये. लाभ कुणाला मिळावा हे ठरवण्याचा अधिकार कोड लिहिणाऱ्याला नाही.

मग बाकीचं: कुठल्या स्क्रीन, कुठले अहवाल, कुठले एसएमएस, कुठलं छापील प्रमाणपत्र, बँकेकडे किंवा थेट लाभ हस्तांतरणाच्या प्रणालीकडे जाणारी कुठली फाइल. अहवाल हमखास विसरले जातात. अधिवेशनात तारांकित प्रश्न आला आणि जिल्हानिहाय आकडे मागितले की मगच लक्षात येतं, की जुन्या आणि नव्या निकषांचे अर्ज एकाच रकान्यात मिसळले आहेत.

पायरी ५: प्रत्येक नियमाला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ जोडा

या लेखातली एकच गोष्ट घेणार असाल तर ही घ्या. वय, उत्पन्न मर्यादा, टक्केवारी, कागदपत्रांची यादी, यातलं काहीही कोडमध्ये कोरू नका. ते तक्त्यात ठेवा, आणि त्या तक्त्यात आकड्याशेजारी तीन रकाने हवेतच: लागू दिनांक, समाप्ती दिनांक, आधार.

का, ते प्रवर्गांच्या उदाहरणावरून पाहा. महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस एसईबीसी, म्हणजे सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गासाठी १६ टक्के आरक्षणाचा कायदा झाला. २०१९ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के आलं. जून २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एसईबीसीचा कायदा वैध ठरवला, पण टक्केवारी शिक्षणात १२ आणि नोकरीत १३ वर आणण्यास सांगितलं. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये एसईबीसीसाठीच १० टक्क्यांचा नवा कायदा झाला. ज्या प्रवेश किंवा भरती प्रणालीत ‘एसईबीसी’ ही केवळ ड्रॉपडाउनमधली एक ओळ आहे, तिला या सव्वापाच वर्षांत प्रत्येक वळणावर हात लावावा लागला असणार. आणि रद्द झाल्यावर ती ओळ पुसून टाकली असेल, तर २०१९ च्या उमेदवाराचा अर्ज उघडल्यावर प्रवर्गाच्या जागी रिकामा चौकोन दिसेल. न्यायालयात तोच अर्ज पुरावा म्हणून मागवला जातो. म्हणून जुनं मूल्य कधीही पुसायचं नाही. त्याला समाप्ती दिनांक द्यायचा. अर्ज ज्या दिवशी सादर झाला त्या दिवशीचा नियम त्याला लागू, हे प्रणालीने आपोआप जाणावं.

गावं, तालुके, जिल्ह्यांचंही असंच. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. ज्यांनी जिल्ह्याचं नावच ओळख म्हणून प्रत्येक नोंदीत साठवलं, त्यांना लाखो नोंदी हलवाव्या लागतात. ज्यांनी केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला, म्हणजे एलजीडीचा कोड ठेवला आणि नाव वेगळ्या तक्त्यात ठेवलं, त्यांना नामांतराच्या दिवशी एक ओळ बदलावी लागते. जिल्हा फुटला तर मात्र गावागणिक जुना-नवा मेळ घालावाच लागतो. त्याला दुसरा उपाय नाही.

आणि नाव! १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं नाव शासकीय कागदपत्रांत बालकाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहायचा निर्णय राज्याने घेतला. आपल्याकडचा फॉर्म वर्षानुवर्षं तीन चौकोनांचा: नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. चौथा चौकोन घालणं सोपं. पण त्यामागे काय काय हलतं ते बघा. चौकोन दाखवायचा की नाही हे जन्मतारखेवरून ठरणार. दाखल्याच्या छापील साच्यात नावाची ओळ पुरणार नाही. शाळेची नोंद आणि आधार यांच्याशी नाव जुळवणारा भाग तीन तुकड्यांची अपेक्षा धरून लिहिलेला असेल तर तो अडखळेल. एकाच घरातल्या दोन भावंडांची नावं दोन पद्धतींची असतील, आणि ते चूक नव्हे. चाचणीसाठी एक जोडी कायम ठेवा: ३० एप्रिल २०२४ ला जन्मलेलं मूल आणि १ मे २०२४ ला जन्मलेलं मूल. सीमेवरचे हे दोन दिवस नीट चालले तर बाकीचे चालतात.

पायरी ६: ‘तात्पुरतं’ या शब्दापासून सावध

जीएसटी १ जुलै २०१७ ला सुरू झालं तेव्हा जीएसटीआर-१, २ आणि ३ अशी विवरणपत्रांची मूळ योजना होती. जीएसटीआर-३बी हे तात्पुरती सोय म्हणून आणलेलं संक्षिप्त विवरणपत्र. पुढे २ आणि ३ बाजूला ठेवावी लागली, आणि व्यापारी आजही ३बी भरतात. सरकारी प्रणालीत ‘सध्यापुरतं’ म्हणून टाकलेला रकाना वर्षानुवर्षं राहतो, हे गृहीत धरा. म्हणून घाईतला बदलसुद्धा तक्त्यात, दिनांकासह आणि नोंदवहीतल्या क्रमांकासह करा. घाईत स्क्रीनची सजावट राहिली तर चालेल. नोंद राहून चालणार नाही.

पायरी ७: मंजुरी आणि प्राधान्य

बदल समिती लहान ठेवा: विभागाचा एक निर्णय घेऊ शकणारा अधिकारी, योजनेचं कार्यासन पाहणारा कक्ष अधिकारी, पुरवठादाराचा प्रकल्प व्यवस्थापक आणि शक्य असेल तर जिल्ह्यावरचा एक माणूस. दर आठवड्याला एकदा, अर्धा तास. ‘सगळंच तातडीचं’ असेल तेव्हा मी एकच प्रश्न विचारते: हे या आठवड्यात झालं नाही तर कुणाचा लाभ अडतो? ज्याचं उत्तर ‘नागरिकाचा’ असेल ते आधी. ‘डॅशबोर्डवरचा रंग’ असेल ते नंतर, तो रंग कितीही वरिष्ठांनी सुचवलेला असला तरी.

नवीन बदल आत घेताना त्याच आवृत्तीतून काय बाहेर जातं ते त्याच बैठकीत सांगा आणि इतिवृत्तात लिहा.

पायरी ८: चाचणी आणि लागू करणं

चाचणीला साहेबांना बसवू नका. रोज पन्नास अर्ज तपासणारा लिपिक आणि सेतू केंद्रावरचा ऑपरेटर यांना बसवा. खऱ्या नियमांतून उदाहरणं काढा: प्रत्येक अटीच्या अलीकडचं, नेमक्या अटीवरचं आणि पलीकडचं. वय ६४ वर्षं ११ महिने, बरोबर ६५, आणि ६५ वर एक दिवस.

ज्या दिवशी बदल चालू होईल त्याच दिवशी चार गोष्टी एकत्र निघायला हव्यात: क्षेत्रीय कार्यालयांना परिपत्रक, स्क्रीनवर मराठीत दोन ओळींची सूचना, मदत केंद्राला प्रश्नोत्तरांचा कागद, आणि गडबड झाली तर आधीच्या आवृत्तीवर मागे फिरायची तयारी. अर्जाच्या मुदतीच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत काहीही लागू करू नका. तेव्हा सर्व्हरवर आधीच ताण असतो आणि खेड्यातला माणूस दोन तास रांगेत उभा असतो. लॉगिन, कागदपत्र अपलोड किंवा पैशांच्या व्यवहाराला हात लागला असेल तर सर्ट-इनच्या (केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी पुन्हा करून घ्यावी लागेल, तिचे दिवस वेळापत्रकात धरा. आचारसंहिता लागणार असेल तर काय थांबेल आणि काय चालू राहील हे विभागाकडून आधीच लेखी घ्या. तो काळ अहवाल दुरुस्त करायला आणि जुना डेटा स्वच्छ करायला उत्तम असतो.

पायरी ९: बदली होण्याआधीची टिपण

राज्यात सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांत होतात आणि एका पदावरचा सामान्य कालावधी तीन वर्षांचा असतो. म्हणजे मोठ्या प्रकल्पाच्या आयुष्यात निर्णय घेणारा माणूस बदलणारच. नवे अधिकारी पहिल्या बैठकीत विचारतात, ‘हे असं का केलंय?’ आणि उत्तर देता आलं नाही तर सगळं पुन्हा बदलायला निघतात. त्यांची चूक नसते.

म्हणून दर मार्चमध्ये दोन पानांची टिपण तयार करा आणि जाणाऱ्या अधिकाऱ्याची सही घ्या. पहिल्या पानावर आज लागू असलेले नियम, प्रत्येकासमोर सांकेतांक आणि दिनांक. दुसऱ्या पानावर तीन याद्या: मंजूर पण अजून न झालेले बदल, विचारलेले पण उत्तर न आलेले प्रश्न, आणि नाकारलेले बदल, नाकारण्याच्या कारणासह. ही तिसरी यादी लिहायचा कंटाळा येतो. पण नव्या अधिकाऱ्याकडे पहिल्या महिन्यात ज्या मागण्या येतात, त्यातल्या बऱ्याच याच यादीतल्या असतात.